तीन रात्री, नाश्त्यासह

सुधीरदादा कायमचे लखनौला राहायला आले असते तर नरहरराव चांदोरकरांचा नेमका काय फायदा होणार होता, ते आधी मांडून घेऊ. पहिला फायदा असा की घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर मिळालं असतं. मुलगा अनिकेत मराठी सगळं समजायचा आणि 'हाँ बाबा, देखता हूँ' एवढंच बोलायचा. शिवाय बघायचा काहीच नाही. दुसरा, संध्याकाळी पार्कात फेऱ्या मारताना सोबत. तिसरा, भांडायला हक्काचं माणूस. पद्माताईंशी असलेलं भांडण पस्तीस वर्षांत संपलं होतं, म्हणजे पद्माताई जिंकल्या होत्या. आणि आई गेल्यापासून 'नऱ्या' म्हणून हाक मारणारं या पृथ्वीवर एकच माणूस उरलं होतं, ते रोज घरात वावरलं असतं. खर्चाच्या बाजूला काय? दीड पोळी, वाटीभर भात आणि दम्याचा पंप. तोही दादांच्याच पैशाचा.

इतका एकतर्फी फायद्याचा व्यवहार बुडवायचा तर माणसाच्या अंगी खास गुण लागतात. नरहररावांच्या अंगी ते होते.

दादांचा फोन आला तो त्यांच्या येण्याच्या दहा दिवस आधी, एका रविवारी. "नऱ्या, आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. महिनाअखेर घर रिकामं करायचंय. तुझी वहिनी गेल्यापासून तसंही त्या घरात काय आहे म्हणा. तळेगावला एक ज्येष्ठांचं निवास आहे, बरं आहे म्हणतात. त्यांचे पैसे पुढच्या पुढच्या शनिवारपर्यंत भरायचेत. त्याआधी म्हटलं, चार दिवस तुझ्याकडे येऊन जावं. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या बुधवारी येतो."

चांदोरकरांच्या घराण्यात याहून उघड कुणी कधी काही मागितलेलं नाही. दोघांचे वडील पाणी हवं असलं की 'आज उकडतंय' म्हणायचे आणि कुणाला कळलं नाही तर तहानलेलेच झोपायचे. तेव्हा नरहररावांना बरोबर कळलं. फोन ठेवून ते पद्माताईंना म्हणाले, "दादा राहायला येतोय. कायमचा. फक्त तसं म्हणाला नाही."

"मग तुम्ही म्हणायचं होतं. ये म्हणून."

"असं कसं म्हणायचं? आधी खोली नको तयार?"

इथे नरहररावांच्या नोकरीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तेहेतीस वर्षं ते रेल्वेत पुलांचे इंजिनियर होते. पुलाचा नियम असा की काम पुरं झाल्याशिवाय, वरून वाळूने भरलेली मालगाडी नेऊन पाहिल्याशिवाय आणि वरच्या साहेबाची सही पडल्याशिवाय प्रवाशाला त्या पुलाच्या जवळ फिरकू द्यायचं नाही. अर्धवट पूल कुणाला दाखवायचा नाही, त्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही. नियम उत्तमच आहे. तो भावाला लागू होतो का, हे तेहेतीस वर्षांत कुठल्याही परिपत्रकात आलं नव्हतं, म्हणून नरहररावांनी तो लागू होतो असं धरलं.

इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मागच्या बाजूला, लागूनच न्हाणीघर-संडास असलेली एक दहा बाय नऊची खोली होती. तिच्यात अनिकेतचं पळायचं यंत्र (ज्यावर कुणी कधी पळालं नव्हतं), दोन मेलेले कूलर आणि एकवीस वर्षांची रेल्वेची कॅलेंडरं राहत होती. ती हलवायची, एक हात रंगाचा मारायचा, कॉट टाकायची. दोन दिवसांचं काम. ते तसंच झालंही असतं, पण शेजारचे राजेश सक्सेना चपला सरकवत आत आले आणि त्यांनी ओल शोधत भिंतीवर टिचकी मारली.

"भाईसाहब, सीलन है। पहले प्लास्टर छुड़वाइए, फिर वॉटरप्रूफिंग, फिर पुट्टी। वरना छह महीने में पपड़ी छोड़ देगी।"

महाराष्ट्र मंडळाच्या चिटणीस मालिनीताई दुपारी आल्या. त्यांनी रंग पिस्ताच हवा असं सांगितलं आणि संडासात धरायला स्टीलचा दांडा हवा, नाहीतर त्यांच्या सासऱ्यांचं काय झालं ते तपशीलवार सांगितलं. दांड्यासाठी टाइल फोडली. टाइल फोडताना पाइप फुटला. पाइपसाठी भिंत फोडली. नव्या गादीसाठी पद्माताई अमीनाबादला गेल्या आणि गादीबरोबर पडदेही घेऊन आल्या. पडद्यांना मात्र पिस्ता रंग शोभेना. मंगळवारी संध्याकाळी पुट्टी ओली होती, रंगाचे डबे उघडे होते आणि रंगारी रामसजीवन मेव्हण्याच्या लग्नाआधीच्या टिळ्यासाठी बाराबंकीला निघून गेला होता. जाताना म्हणाला, "बाबूजी, बस दो दिन।" रंगाऱ्याचे दोन दिवस किती असतात, ते ज्यानं घर रंगवलं त्याला विचारा.

दादांना दमा. ओल्या रंगाच्या वासात त्यांना ठेवणं शक्य नव्हतं.

"उसमें क्या है," सक्सेना म्हणाले. "नूर-ए-गोमती में ठहराइए! लगातार छह साल अवॉर्ड। मेरे साढ़ू का लड़का सेल्स में है, रेट निकलवा दूँगा।"

"अहो, उलट छानच की!" मालिनीताई म्हणाल्या. "भावानं केवढा मान ठेवला असं वाटेल त्यांना."

पाहुणे गेल्यावर पद्माताई म्हणाल्या, "सख्खा भाऊ पुण्याहून येतोय आणि तुम्ही त्याला लॉजवर उतरवणार?"

"लॉज नव्हे. पंचतारांकित आहे ते."

"लॉजला तारे लावले म्हणून घर होत नाही. सरळ सांगा ना, तुझ्या खोलीचा रंग ओला आहे म्हणून."

"म्हणजे खोली त्याच्यासाठी आहे हे कळणार नाही का त्याला?"

"कळू दे की! त्यात काय?"

"उद्घाटनाआधी?" असं म्हणून नरहररावांनी त्यांना स्वतःची शपथ घातली. पद्माताई देवभोळ्या नव्हत्या, पण नवरा चौसष्ट वर्षांचा आणि वर रक्तदाबाचा. अशा माणसाची शपथ मोडायची म्हणजे धोकाच.

सक्सेनांच्या साडूच्या मुलानं लावलेला भाव असा: एका रात्रीचे साडेनऊ हजार, वर कर. नाश्ता फुकट. नरहररावांनी दोन रात्री घेतल्या.

बुधवारी अमौसीच्या विमानतळावरून दादा बाहेर आले. एक बॅग आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला एक खोका. "पद्माला पुरणयंत्र आणलंय. तुझ्या वहिनीचं. आता मला काय करायचंय." गाडीत ते खिडकीतून बघत राहिले. चौकात गाडी वळली तेव्हा म्हणाले, "तुझं घर इकडेच ना रे कुठेतरी?"

"घर डावीकडे. आपण उजवीकडे चाललोय. तुझ्यासाठी खास सोय केलीय दादा."

"अच्छा," दादा म्हणाले. खोका त्यांनी मांडीवर नीट ठेवला.

नूर-ए-गोमतीच्या दारात दोन फेटेवाले उभे होते. त्यांनी दादांना टिळा लावला, हार घातला आणि नवाबी रिवाज म्हणून अंगावर अत्तर फवारलं. ओल्या रंगाच्या वासापासून वाचवून आणलेला माणूस तिथे सलग अकरा वेळा शिंकला आणि पंप शोधू लागला. त्यावर उपाय म्हणून हिरवं सरबत आलं. त्यातही अत्तर होतं. समोरच्या भिंतीवर सन्मानचिन्हं ओळीनं मांडलेली होती, पैकी चार 'सर्वोत्तम आतिथ्य' याच विषयातली. नरहररावांनी ती दादांना एकेक करून वाचून दाखवली. दादांचे डोळे पाणावले होते. शिंकांनीच, पण नरहररावांनी तो गहिवर धरला.

खोली सातव्या मजल्यावर. दिवे, पडदे, गारवा, सगळं उशाशी ठेवलेल्या एका काचेच्या पाटीवर बोट लावून चालायचं. दादांनी दिवा घालवायला बोट लावलं तर पडदे उघडले, पडदे मिटायला लावलं तर छतातून सारंगी सुरू झाली. न्हाणीघराला भिंतच नव्हती, काच होती. "हे असंच असतं?" दादांनी विचारलं. "आजकाल असंच," नरहरराव अधिकारवाणीनं म्हणाले. त्यांच्या घरी पडद्याखेरीज संडासाला दोन दारं होती.

मग बादलीचं प्रकरण. दादा जन्मभर बादलीत पाणी काढून तांब्यानं अंघोळ करणारे. छतातून पडणाऱ्या धारेखाली उभं राहिलं की त्यांना धाप लागायची. नरहररावांनी फोन करून बादली मागितली. फोन घेणाऱ्यानं तो सफाई विभागाला दिला, त्यांनी अतिथी-संबंध विभागाला, त्यांनी 'सर, मे आय नो द पर्पज?' असं विचारलं. बादलीचं प्रयोजन काय सांगणार? पाऊण तासानं चांदीच्या वर्णाच्या ट्रॉलीवरून, पांढऱ्या कापडाखाली झाकून, बादली आली. हॉटेलच्या डागडुजी विभागाची होती ती. कडेला सिमेंट वाळलेलं. नरहररावांना ती बघून मागच्या खोलीची आठवण झाली.

जेवायला दादांनी मऊ खिचडी मागितली. आचारी स्वतः वर येऊन मुलाखत घेऊन गेला. खिचडी आली ती तळहाताएवढी, वाटीएवढ्या खळग्याच्या परातीएवढ्या ताटलीत, केशर घालून आणि वर चांदीचा वर्ख. अकराशे पन्नास रुपये. दादांनी चमच्यानं वर्ख बाजूला केला, तो चमच्याला चिकटला, चमच्याचा बोटाला, बोटाचा चष्म्याला.

"कशी आहे?" नरहररावांनी विचारलं.

"उत्तम," दादा म्हणाले. चांदोरकर दुसरं काय म्हणणार?

रोज भेटायला जायचं तर खाली नोंद करावी लागे. नाव, वेळ, पाहुण्याशी नातं, भेटीचं कारण. नात्यापुढे नरहरराव 'सख्खा भाऊ' लिहीत. कारणापुढे पेन थबके. पहिल्या दिवशी त्यांनी 'सहज' लिहिलं. तिथली मुलगी म्हणाली, "सर, ये सिस्टम में नहीं है। ऑफिशियल या पर्सनल?" त्यांनी पर्सनल लिहिलं, आणि वर जाऊन दादांशी लखनौच्या हवेबद्दल सव्वा तास बोलले.

गुरुवारी सकाळी पद्माताईंनी न राहवून मऊ भात, मेतकूट आणि तुपाची डबी असा चार पुडांचा डबा दिला. हॉटेलच्या दाराशी तो सामान तपासायच्या यंत्रातून गेला आणि पट्टा थांबला.

"बाबूजी, ये पाउडर क्या है?"

"मेतकूट."

"वो क्या होता है?"

डाळी, तांदूळ, सुंठ, हळद हे सगळं भाजून दळतात, असं नरहरराव सांगू लागले, पण पिवळी पूड घेऊन वर कारण 'पर्सनल' लिहिणाऱ्या माणसाचा कुणाला विश्वास येणार? व्यवस्थापक आला. त्यानं वास घेतला. बाहेरचं अन्न चालत नाही, म्हणाला. औषध असेल तर चालेल, पण त्याला डॉक्टरची चिठ्ठी हवी. शेवटी 'सदर पदार्थाच्या परिणामांस हॉटेल जबाबदार नाही' अशा कागदावर नरहररावांनी सही केली. तेहेतीस वर्षं ज्यांच्या सहीवर गाड्या पुलावरून गेल्या, त्यांनी मेतकुटासाठी तीन ठिकाणी सही केली. दादांनी मात्र डबा पुसून खाल्ला आणि विचारलं, "पद्मा बरी आहे ना? तिला झेपत नाही का आता पाहुण्याचं?"

"छे छे, उत्तम आहे."

"नाही, म्हटलं, काल ती आली नाही." दादा तुपाची डबी मिटत राहिले.

दुपारी त्यांना घरी जेवायला नेलं. नेणं भागच होतं. मागच्या खोलीतलं सगळं सामान आता दिवाणखान्यात होतं. पळायच्या यंत्रावर कूलर, कूलरवर कॅलेंडरांचे गठ्ठे, आणि मधल्या बोळातून एकेकट्यानं जेवणाच्या टेबलापर्यंत जायचं. दादा अंग चोरून गेले. त्यांनी एक खोली पाहिली, नरहरराव-पद्माताईंची. दुसरी पाहिली, अनिकेतची. तिसरीचं दार बंद होतं आणि फटीला ओला टॉवेल लावला होता.

"तिकडे काय?"

"तिकडे नको!" नरहरराव दाराला पाठ लावून उभे राहिले. "तिकडे पसारा आहे. जागाच नाही पाय ठेवायला."

अनिकेत पोळी मोडत म्हणाला, "काका, वो तो आपका ही—"

"अनिकेत, दही आण."

"दही तो है, बाबा।"

"दुसरं आण!"

पद्माताईंनी आमटी वाढताना नवऱ्याकडे जे पाहिलं त्याला कुठलीही शपथ आड येत नव्हती. दादा शांतपणे जेवले, दीड पोळी. जाताना दिवाणखान्याच्या बोळात उभं राहून म्हणाले, "तुमचंही अडचणीचंच झालंय रे सगळं."

"हो ना," नरहरराव म्हणाले. मनात ते हसत होते. ते दार उघडेल तेव्हा दादांचा चेहरा कसा होईल, हे त्यांना दिसत होतं.

रामसजीवन शुक्रवारी सकाळी उगवला, डोळे तारवटलेले. शेवटचा हात मारला तरी वास जायला आणखी एक दिवस लागणार. नरहररावांनी हॉटेलात तिसरी रात्र वाढवली. दादांना फोन केला, "अजून एक दिवस मजा कर!"

"अरे, कशाला? मी काय म्हणतो, तुझ्याकडे सतरंजीवर सुद्धा—"

"सतरंजी? वेडा आहेस का दादा? तू आणि सतरंजीवर?"

पलीकडे सारंगी सुरू झाली. दादांच्या हातून पुन्हा ती पाटी दाबली गेली असावी. मग ते म्हणाले, "बरं."

शनिवारी दुपारी बाराला नरहरराव आणायला गेले. नव्या परीटघडीच्या शर्टात. नोंदवहीत भेटीच्या कारणापुढे त्यांनी पहिल्यांदा न थबकता 'घरी नेणे' असं लिहिलं आणि पैसे द्यायला खिडकीशी गेले.

"सर, बिल तो सेटल हो गया। गेस्ट ने सुबह ही कर दिया।"

नरहररावांचा चेहरा उतरला. दादा सोफ्यावर बसले होते. "असू दे रे," ते म्हणाले. "पेन्शनवर एवढं करायचं म्हणजे. तू मान ठेवलास, पावलं."

एवढ्यात अतिथी-संबंधवाली अपूर्वा नावाची हसरी मुलगी पाटी घेऊन आली. "सर, कैसा लगा हमारा नूर-ए-गोमती? प्लीज रेट कीजिए।"

दादांनी नरहररावांकडे पाहिलं. भाऊ आशेनं बघत होता; त्यानं एवढी निवडून काढलेली जागा. दादांनी पाच तारे दिले. मग पाटी नरहररावांकडे आली. तीन दिवस त्यांनी या जागेचा मनातल्या मनात उद्धार केला होता, पण दादांसमोर कमी तारे द्यायचे म्हणजे आपण भावाला वाईट ठिकाणी ठेवलं अशी लेखी कबुली. त्यांनीही पाच दिले. वर 'अविस्मरणीय' असं लिहिलं. भिंतीवरची सगळी सन्मानचिन्हं कशी जमली असतील, याचा अंदाज इथे येतो. एका भावानं दुसऱ्याचं मन राखावं आणि मान हॉटेलचा वाढावा.

गाडीत दादा मोकळे दिसले. म्हणाले, "तळेगावचं सकाळी उरकून टाकलं. फोनवरूनच भरले पाच लाख. निम्मे परत मिळत नाहीत, पण चांगली जागा आहे म्हणतात. तुझ्या डोक्याला आता काळजी नको."

गाडी सिग्नलला उभी होती. नरहरराव म्हणाले, "निम्मे परत मिळत नाहीत?"

"नियम आहे त्यांचा."

नियम म्हटल्यावर नरहररावांनी सवयीनं मान डोलावली.

घरी दिवाणखाना रिकामा होता. मागच्या बंद दाराला मालिनीताईंनी खरोखरच लाल फीत बांधली होती. सक्सेना फोटो काढायला सज्ज. पद्माताई ओवाळायचं तबक घेऊन उभ्या, आज शपथ सुटणार म्हणून डोळ्यांत लखलख. दादा गोंधळून म्हणाले, "काय आहे रे आज?"

कुणी बोलायच्या आत नरहररावांनी स्वतःच फीत ओढून सोडली आणि दार ढकललं. पिस्ता भिंती, पांढरी चादर, खिडकीतून कडुनिंब. न्हाणीघरात चकचकीत दांडा, त्याखाली लाल बादली आणि तांब्या. दादा आत गेले. कॉटवर बसले, गादीवरून हात फिरवला. उठून दांडा धरून पाहिला.

"सुरेख केलीस रे. कोणासाठी?"

पद्माताईंनी तोंड उघडलं. अनिकेतनं उघडलं. मालिनीताईंचं उघडंच होतं. पण या चौघांत सगळ्यात घाई नरहररावांना होती. खरं सांगावं तर दादांचे अडीच लाख बुडाले, आणि त्याहून मोठं म्हणजे, ते फुकट बुडाले हे दादांना जन्मभर कळत राहणार. न सांगावं तर तेवढंच ओझं आपल्यावर. पुलावर भार किती टाकायचा, ते ठरवायची सवय होतीच.

"असंच," ते म्हणाले. "येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी."

"छान केलंस," दादा म्हणाले. "पाहुण्याला हॉटेलात टाकणं बरं दिसत नाही."

ती एक रात्र दादा त्या खोलीत झोपले. रविवारी दुपारच्या विमानाने पुण्याला गेले.

आता कुणी किती भरले ते पाहू. हॉटेलचे एकेचाळीस हजार दोनशे पंधरा सुधीरदादांनी, खिचडीसकट. खोलीचे अठ्ठावन्न हजार चारशे नरहररावांनी, फुटलेल्या पाइपासकट. तळेगावचे न परतणारे अडीच लाख पुन्हा सुधीरदादांनी. पद्माताईंनी घरात बोलणं बंद केलं ते आठवडाभर. तेही नरहररावांनीच भरलं. नूर-ए-गोमतीनं काही भरलं नाही. त्यांना सोमवारी सातव्या वर्षाचं सन्मानचिन्ह मिळालं.